शालूच्या कप्प्यातला योद्धा

प्लॅस्टिकची माणसं दुरुस्त करतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग त्यांना आठवतं की आपल्याही भाच्याकडे किंवा पुतण्याकडे काचेच्या कपाटात तसली माणसं उभी आहेत, आणि मग माझा नंबर मागतात. वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे, तलवारी-बंदुका घेतलेले परदेशी मालिकांतले योद्धे. घोडे झालेले लोक ते जमवतात आणि जिवापाड जपतात. बायको मला बाहुल्यांचा डॉक्टर म्हणते. म्हणू दे. तळोज्याच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे साचे सांभाळण्यात माझी उमर गेली. निवृत्तीनंतर सोसायटीच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची उणीदुणी काढण्यापेक्षा हे बरं.

नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी म्हणजे माझा दवाखाना. वाकलेला पाय गरम पाण्यात धरायचा, मऊ पडला की सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. चिकट झालेलं अंग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवायचं. सांधा ढिला असेल तर आत गोंदाचा बारीक थेंब सोडून वाळेपर्यंत तो हलवत बसायचं, नाहीतर कायमचा आखडतो. यात जादू काही नाही, फक्त घाई करायची नाही.

खरं सांगायचं तर ही माणसं खेळून फारशी मोडत नाहीत. जपून मोडतात. कुणी उन्हाच्या खिडकीत मांडतं, ती पिवळी पडतात. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकतं, शाई अंगावर उतरते. कुणी हातातली तलवार पडू नये म्हणून रबर लावतं, तो रबर विरघळून मनगटाला चिकटतो. मी चिडतो, गिऱ्हाइकाला तोंडावर बोलतो. सावलीत ठेवा, कोरडं ठेवा, बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते ती कपाटात टाका, एवढंच तर सांगतो. पण ऐकतंय कोण.

माझा एकच नियम आहे. दुरुस्ती लपवायची नाही. असल्या वस्तू हातोहात विकल्या जातात, पुढच्या माणसाला कळायला हवं की हा पाय जोडलेला आहे. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येकाच्या तळपायाला मी एक लाल ठिपका देतो. तो नको म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं आहे.

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाय म्हणतात. माझी बाय शिरढोणच्या बाजूला दिली. तिच्या सासरची जमीन प्रकल्पात गेली, मोबदल्यातून बंगला आला, आणि त्याच पैशाच्या भरात माझ्या मेव्हण्यांनी एकुलत्या एक मुलाला मुंबईहून हे महागडे योद्धे आणून दिले होते. मेव्हणे आता नाहीत. मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे आणि त्याला जमवण्याचा नाद लागला आहे. घरात दिवे लावलेलं काचेचं कपाट, त्याचे फोटो, सगळं आहे. त्यानं आईला फोन केला होता की येत्या रविवारी येतो आणि माझे लहानपणचे योद्धे घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय रिक्षा करून माझ्याकडे आली. पिशवीतून साडीच्या कापडात बांधलेलं काहीतरी काढून तिनं माझ्या हातात दिलं. वास आला आणि आत काय झालं असेल ते मला कळलं. डांबरगोळ्यांचा वास.

आतल्या योद्ध्याचं अंग ठीक होतं. गुडघ्यांच्या सांध्यात तांबडी माती होती, कारण दिवाळीच्या किल्ल्यावर दरवर्षी हाच किल्लेदार म्हणून उभा असे. ती माती सुईनं निघाली असती. पण डांबरगोळी नेमकी तोंडाजवळ पडली होती. त्या वाफेनं काही जातींचं प्लॅस्टिक मऊ पडतं. नाक, ओठ, एक डोळा, सगळं वाहून हनुवटीवर गोळा झालं होतं.

"बाकीचे कुठे होते?" मी विचारलं.

"बाकीचे बरे हायत. ह्योच त्याचा लाडका, म्हणून ह्याला येगळा बांधून ठेवला व्हता. येगळी गोळी घालून."

मला राग आला होता, पण कुणावर काढायचा? बायनं आयुष्यभर जे जे जपलं ते डांबरगोळी घालूनच जपलं. मी म्हटलं, "बाय, ह्याचं जुनं तोंड परत येत नाही. पुट्टीनं नवीन करावं लागेल."

"कर. पण त्याला सांगू नको. आणि तो तुझा लाल ठिपका देऊ नको."

ती खुर्चीवर बसली आणि सरळ बोलली, "तो येतो दोन दिवस. आला की फ्रीज उघडून बोलतो, गॅस बघून बोलतो. आई, तुला काय कळत नाय. आई, तुला काय कळत नाय. माझ्याच घरात मी चोरासारखी वावरते रे. ह्ये बघितलं तर परत येयाचा पण नाय."

बायचे डोळे भरले नव्हते. तिला भीती वाटत होती, आणि ती मला दिसत होती. पोटच्या पोराची भीती. मी हो म्हटलं.

पुट्टी मळून मी चेहरा केला. मालिकेतले फोटो समोर ठेवून नाक काढलं, ओठ काढले, डोळे रंगवायला तर सगळी दुपार गेली. काम चांगलं झालं. तळपाय कोरा ठेवला, आणि ते मला आवडलं नाही.

रविवारी बायनं मलाही जेवायला बोलावलं. मला वाटतं, तिला सोबत हवी होती. जेवणं झाल्यावर भाच्यानं सगळे योद्धे टेबलावर मांडले. एकेकाला उचलून बघत होता, खूश होता. लाडक्यावर आला आणि थांबला. खिडकीशी नेऊन त्यानं गालावरून अंगठा फिरवला. जमवणाऱ्याचा अंगठा तो, त्याला कळणारच.

"मामा, हे तोंड ओरिजिनल आहे का?"

बाय स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी पटकन सांगून मोकळा झालो असतो. इथे खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

"नाय," बाय म्हणाली. "ते तोंड मामानं केलंय. जुनं मी घालवलं. डांबरगोळी ठेवली व्हती."

"प्लॅस्टिकला डांबरगोळी? आई, तुला खरंच काही कळत नाही."

नेमकं तेच वाक्य. बायनं ट्रे खाली ठेवला.

"नाय कळत," ती म्हणाली. "माझा लग्नातला शालू आणि तुझी ही माणसं एकाच कप्प्यात व्हती. शालूला जे घातलं तेच त्याला घातलं. त्याच्यापरीस जास्त जपायला मला येत नाय."

भाचा चहा प्याला. मग मी सांगितलं तसा एकेक योद्धा सुती कापडात गुंडाळून खोक्यात ठेवू लागला. खोकं बंद केलं तेव्हा लाडका टेबलावरच होता.

"ह्यो राहिला रे," बाय म्हणाली.

"राहू दे. तुला ठेव."

मला त्यानं पनवेलपर्यंत गाडीनं सोडलं. पळस्पे फाट्यापर्यंत ट्रॅफिकबद्दल बोलत होता, पुढे त्यानं रेडिओ लावला. मी या धंद्यातला माणूस. तोंड बदललेल्या योद्ध्याला त्या दिव्यांच्या कपाटात जागा नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे त्यानं तो टाकला. की आईचं बोलणं लागलं आणि खरोखर तिला दिला? विचारायला हवं होतं. उत्तर नको होतं म्हणून विचारलं नाही.

गेल्या महिन्यात बायकडे गेलो होतो. योद्धा बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभा आहे, तलवार वर करून. शेजारची बाई हळद मागायला आली, तिनं विचारलं हे काय. बायनं पदरानं त्याचं डोकं पुसलं.

"माझ्या पोरानं दिलाय मला," ती म्हणाली.