गिरगाव ते शीव, तीन दिव्यांनिशी

माझ्या मोटारसायकलला दोन जादा दिवे बसवले आणि त्याच संध्याकाळी सासऱ्यांना मागे घेऊन मी गिरगावातून शीवला निघालो. धाकट्या मेहुणीच्या लग्नाची बोलणी होती. आधीची स्थळं हातची गेलेली, तेव्हा हे चुकवून चालणार नव्हतं. चळवळीचे दिवस, ट्राम-बस कधी बंद पडतील याचा नेम नाही. म्हणून अण्णा, निवृत्त हेडमास्तर, नाइलाजानं माझ्या मागे बसले.

"जावईबापू, हे दिवे कशाला?"

"रस्ता दिसायला."

"मग आजवर काय पाहून चालवत होतात?"

दिवे जुन्या लॉरीचे, थाळीएवढे. भायखळ्याच्या पुलाशी अंधारून आलं, तसं मी बटण दाबलं. समोरच्या टांगेवाल्यानं मोटार समजून घोडा अदबीनं बाजूला घेतला. मी खूश! हॉर्न दाबला, तर तो मुका. दिवे विझवले, हॉर्न वाजला. मिस्त्रीनं मूळचा दिवाही त्याच बटणाला जोडला होता आणि बॅटरीला हे सगळं एकदम झेपत नव्हतं. म्हणजे एक तर उजेड, नाही तर आवाज.

"अण्णा, तुम्ही जरा ओरडाल का? बाजूला व्हा, असं काहीतरी."

अण्णांनी घसा साफ केला. "कृपया बाजूस व्हावे!"

लालबागेत गिरणी नुकतीच सुटली होती. रस्ताभर माणसं. अण्णांचं 'कृपया' ऐकून लोक थांबून बघत, हलत कुणीच नसे. शेवटी अण्णा वैतागले आणि वर्ग दणाणून सोडायच्या आवाजात ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खा रस्ता गरजला आणि दुभंगला. अण्णांना हुरूप आला. पण बाजूला झालेले लोक आमच्या मागून चालू लागले.

"मास्तर, मोर्चा खंय?" एकानं विचारलं.

"शीवला," अण्णांनी खरं तेच सांगितलं.

"शीव रे, शीव!" मागे निरोप पोचला.

परळला अण्णांचा आवाज फाटला. एका खानावळीच्या दारातल्या मावशींनी आम्हाला थांबवलं. "आजोबानूं, घसो बसलो तुमचो. ही पेज घेवा." पेज (मऊ शिजवलेला पातळ भात, वर मिठाची कणी) अण्णा वाटी तोंडाला लावून प्यायले आणि पुन्हा ओरडायला बसले. दादर, माटुंगा करत शीवला पोचलो तेव्हा मागे तीसेक चिवट माणसं उरली होती आणि अण्णांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती.

मुलाचे वडील सरकारी कचेरीत नोकरीला. दिवे पाहून आणि घोषणा ऐकून त्यांनी दार लावून घेतलं.

"आमचा काही संबंध नाही!" खिडकीतून आवाज.

"अहो, मुलीकडचे आम्ही! बोलणी करायला आलोय!"

"एवढी माणसं घेऊन?"

गर्दीला आता कुठे उलगडा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "लग्न..."

"झालंच पाहिजे!"

आतून बायकांचं हसू ऐकू आलं आणि दार उघडलं.

एरवी बोलणीत अण्णा समोरच्याची व्याकरणाची चूक काढत आणि स्थळ तिथंच अडे. त्या दिवशी ते नुसती मान डोलावत राहिले. "किती समंजस व्याही!" मुलाची आई म्हणाली. चहा आम्हाला आत, मंडळींना बाहेर, लग्न ठरलं.

बॅटरी पार संपली होती, म्हणून मुक्काम तिथंच. सकाळी ढकलून गाडी सुरू केली आणि परत फिरलो. एवढी वर्षं मी परळ-लालबाग नुसतं ओलांडत आलो होतो. तिथली माणसं कुठं निघालीत, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मात्र आम्हाला विचारलं, आणि सोबत आली.

मला अण्णांशी हे बोलायचं होतं. पण ते माझ्या कमरेला घट्ट मिठी मारून, पाठीवर डोकं टेकून झोपले होते. माझ्या लग्नापासून आम्ही एकमेकांच्या इतके जवळ कधी आलो नव्हतो. आमची गल्ली आली, तरी मी वळलो नाही. चौपाटीवरून एक सावकाश फेरी मारून आलो.