आश्लेषेला घेऊन नागपूरला

मे महिन्यात नागपूरला जाणारा माणूस एकतर बदली झालेला असतो, नाहीतर उपवर मुलीचा बाप. माझी बदली झाली नव्हती.

कऱ्हाडला गाडी हलता हलता माझी थोरली बहीण, आक्का, खिडकीला धरून म्हणाली, "विसरू नकोस. सुमनचं नक्षत्र मघा." माझी मुलगी सुमन शेजारीच बसली होती. तिनं शांतपणे मासिक उघडलं.

खरं नक्षत्र आश्लेषा. आश्लेषेची मुलगी सासूच्या मुळावर येते, असं आपल्याकडे म्हणतात. सुमन शाळेत गणित शिकवते, दिसायला आईसारखी आहे (हे तिचं नशीब), पण आश्लेषा म्हटलं की मुलाची आई पोह्यांची बशी अर्धी टाकून उठायची. शेवटी आक्कानं ठरवलं, की जन्माच्या वेळी सुईणीचं घड्याळच मागे होतं. ते तिनं बावीस वर्षांनी पुढे केलं आणि पोरगी उचलून शेजारच्या मघेत नेऊन ठेवली. मी पोस्टातला माणूस. पत्ता बदलला की टपाल चुकतं, हे मला कळत होतं. पण आक्कापुढे मी आजवर बोललो नाही, ते तेव्हा कुठून बोलणार?

मुलगा, मनोहर, एका लग्नात पुण्याला भेटला होता. "कसे वाटले?" असं विचारल्यावर सुमन म्हणाली होती, "बरे आहेत." आमच्या घरात एवढं म्हणजे फार झालं. म्हणून या वेळी नकार येऊन चालणार नव्हता.

नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. सायकलरिक्षावाल्यानं माझ्या उघड्या टकलाकडे पाहिलं.

"दुपट्टा काहून नाही बांधला बाबूजी? लू (उन्हाची झळ) लागली तं पोरीले एकटीलेच वापस जा लागन."

मी पंचा काढून डोक्याला गुंडाळला. लकडगंजात मनोहरच्या आईच्या, सुमतीबाईंच्या, दारात उतरलो तेव्हा होणारा व्याही कमी आणि दाढदुखीचा रोगी जास्त दिसत होतो.

सुमतीबाई ठसठशीत बाई. यजमान गेल्यावर घरचा लाकडाचा धंदा त्याच पाहतात. वाळ्याच्या कूलरपुढे बसवून त्यांनी वडाभात वाढला (भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वर हिंग-मिरचीचं कढत तेल). वरून सांबार (आपली कोथिंबीर). तेल मी आमटीसारखं ओतून घेतलं. पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांना धार लागली. ते पाहून त्या म्हणाल्या, "आतापासून काहून रडून राह्यले भाऊ? पाठवणीले वेळ हाय."

मग म्हणाल्या, "संध्याकाळी देवळात जाऊ. देवाची माळ घेतल्याबिगर आमी तारीख काढत नाही."

देऊळ रेल्वेतल्या मद्रासी बाबूंनी वर्गणी काढून बांधलेलं. लग्नाच्या मुलीच्या नावानं, गोत्रानं, जन्मनक्षत्रानं अर्चना करायची. पुजारी देवाच्या गळ्यातली माळ तिला देतो. लग्न झालं की जोडीनं दर्शनाला यायचं. देव दक्षिणेचा, पुजाऱ्याची भाषा हिंदी आणि रांगेत सगळे मराठी बाप. आपल्याकडच्या देवांजवळ लग्नाचे अर्ज फार तुंबलेत, म्हणून लोक दुसऱ्या हपिसात येतात, एवढंच.

फरशी दिवसभर तापलेली. मी अनवाणी उड्या मारत पुढे सरकत होतो. एका आजीबाईंनी अंगात आलंय समजून मला हात जोडले आणि वाट दिली. त्यामुळे नंबर नको तितका लवकर लागला.

घंटेच्या गोंगाटात पुजारी ओरडला, "नाम?"

"सुमन."

"गोत्र?" तेही सांगितलं.

"नक्षत्र?"

माझ्या उजव्या हाताला सुमतीबाई, समोर देव. मघा म्हणावं तर आशीर्वाद कुठल्यातरी भलत्याच मुलीला पोचणार. आश्लेषा म्हणावं तर सासूच हातची जाणार, आणि तीही लग्नाआधीच.

"जल्दी बोलो, पीछे लाइन है!"

"मघा," मी म्हणालो.

"आश्लेषा," सुमन म्हणाली. वर्गात उत्तर सांगावं, तशी.

पुजारी थांबला. "एक लड़की के दो नक्षत्र?"

"एकच. आश्लेषा," सुमन म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं.

माळ मिळाली. बाहेर आलो. मी चपला उलट्या घातल्या.

"भाऊ," सुमतीबाई म्हणाल्या, "माह्या बापानंबी मघाच सांगतलं होतं. मी पक्की आश्लेषेची. सासू खोकलली तरी माह्या पोटात गोळा येते. तीस वर्सं झाले, काढे करून राह्यली मी तिच्यासाठी. चला, सासू जरीपटक्याहून, तिच्या धाकल्या लेकाकडून आली असन. तिच्यापुढं मघाच म्हणा."

घरी म्हातारी बाजेवर बसली होती. सुमननं नमस्कार केला.

"नक्षत्र कोन्तं वं पोरी?"

"मघा, सासूबाई," सुमतीबाईंनी घाईनं सांगितलं.

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "म्हंजे आश्लेषा. सूनबाई, तुह्या बापानंबी मघाच म्हटलं होतं."

सुमतीबाई मटकन खाली बसल्या. "तुमाले माहीत होतं? मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं शिंकल्याबरोबर काढा आला असता का वं?"

सुमतीबाई क्षणभर लालबुंद. मग अशा हसल्या, की आतून मनोहर धावत आला. डोळे पुसत त्यांनी देवाची माळ सुमनच्या गळ्यात नीट केली आणि म्हणाल्या, "पोरी, तुले आजच सांगून ठेवते. मी शिंकली तं धावू नको."

लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. परतीच्या गाडीत सुमन माळ मांडीवर घेऊन झोपली आणि मी जागा राहिलो. घरच्या वाचकांसाठी या प्रवासातून एवढंच आणलं आहे: नक्षत्रानं सासवा मरत नाहीत. हे सासवांना पहिल्यापासून ठाऊक असतं. आपण बाप मात्र उगाच उन्हातान्हात तारे हलवत फिरतो.