मौनात हात हलवणारा माझा भाऊ

माझ्या भावाने आयुष्यभर लोकांना अंधारात बसवलं.

तेही मोठ्या हौसेने.

विलासदादा मागच्या आठवड्यात गेला. आज बरकतपुऱ्यात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये त्याची शोकसभा होती. आत्ताच घरी आलेय आणि अजून चिडलेलीच आहे.

नव्वदच्या दशकात हैदराबादेत जिकडेतिकडे काचेची ऑफिसं उभी राहू लागली, तेव्हा या माणसाने चांगली नोकरी सोडून सेन्सरचे दिवे बसवायला घेतले. माणूस आला की दिवा लागणार, गेला की विझणार. ऐकायला छान!

पण त्या सेन्सरला माणूस कळायचाच नाही, फक्त हालचाल कळायची.

हिमायतनगरच्या एका ऑफिसातले अकाउंटंट फार शांत गृहस्थ. कामात रमले की डोक्यावर अंधार. दादा कायम साइटवर, त्यामुळे मॅनेजरचा फोन माझ्याच नशिबी.

"मॅडम, ये कैसे लाइटां लगाके गए? जरा चुप बैठे तो अंधेरा हो जा रा!"

काय सांगू, म्हणून दादाला विचारलं.

"सांग, हात हलवा म्हणावं."

वर्षानुवर्षं मी या शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना फोनवर हात हलवायला सांगितलंय.

"अरे, बाजूला एक साधा स्विच दे ना!"

"स्विच दिला की लोक लावून विसरतात. कशाला डोकं खाऊ लागलीस?"

मंडळाच्या हॉलमध्ये त्याने हेच सगळं फुकट बसवलं. अंगणात अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांसकट. ढग आले की ते भरदुपारी लागायचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सवयीने दिव्यांना हात जोडायच्या आणि मग घड्याळ बघायच्या.

रिकाम्या हॉलमध्ये दिवा जळलेला त्याला बघवायचा नाही. म्हणून हालचाल थांबली की दिवे लगेच विझतील अशी व्यवस्था त्याने केली.

आता, मंडळ म्हटलं की शोकसभा आली. शोकसभा म्हटली की मौन आलं.

हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच शोकसभेत सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि मध्येच दिवे गेले. मागून दादाचा आवाज, "हात हलवा! हात हलवा!"

गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर अख्खं मंडळ हात हलवतंय. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कमिटी म्हणाली, काढा हे. दादा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने अक्षरशः हातापाया पडून सेन्सर वाचवले. "स्विच बसवतो," असा शब्द देऊन आला.

बसवला नाहीच.

त्याऐवजी प्रत्येक शोकसभेला जायचा. ओळखीचा असो नसो. सगळ्यांच्या मागे उभा राहून मौनभर एक हात हलवत राहायचा. मी कपाळ बडवून घ्यायचे. स्विच बसवायला किती वेळ लागतो हो?

ऑफिसांतले त्याचे सेन्सर केव्हाच काढून टाकले. नवे आले. उरला होता फक्त हा हॉल.

परवा मंडळाचे सेक्रेटरी जोशीकाका म्हणाले, "बेटा, हॉलला रंग देऊ लागलोत. दादाचे सेन्सर काढायचे का?"

मी म्हटलं, काढा. खुशाल काढा.

आज मौन सुरू झालं. सगळ्यांच्या माना खाली.

आणि दिवे गेले.

मागे कोणीच नव्हतं.

सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी हललं नाही. अंधारात वहिनीचा हुंदका ऐकू आला. इतका राग आला मला त्याचा! एक स्विच मागत होते, दादा. फक्त एक स्विच.

मग मीच हात वर केला आणि हलवला.

दिवे लागले. फोटोत हा हसतोय.

निघताना जोशीकाकांनी विचारलं, "मग उद्या काढायचे ना?"

"नको. राहू द्या. मौनाच्या वेळी मी येत जाईन."

काय बोलून बसले मी! आता जन्मभर परक्या माणसांच्या शोकसभा मला आल्या. जाताजाताही कामाला लावून गेलास.

जा बाबा, निवांत जा आता.

मागे मी उभी आहे.