अक्काचे तीन गठ्ठे

आमच्या अक्काचा एकतीस वर्षांत हजारो ऑपरेशनांना हात लागला, पण शुद्धीवर असलेला एकही पेशंट तिने पाहिला नाही. बेशुद्धही नाही. ती इस्पितळाच्या तळघरात असते. तिथे फोनला रेंज नाही, आणि बाहेर ऊन आहे की पाऊस हे वरून येणाऱ्यांच्या चपलांवरून ओळखावं लागतं. वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आत येतात, दुसऱ्या खिडकीतून निर्जंतुक होऊन बाहेर जातात, आणि या दोन खिडक्यांच्या मधोमध अक्का. कात्र्या, चिमटे, आकडे, सगळे धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायचे. वर डॉक्टर नावाजले जातात. खाली अक्का कापडाच्या घड्या घालते.

अक्का माझी थोरली बहीण. मी एक्कावन्न वर्षांचा आहे आणि वजनाच्या काट्यावर उभा राहिलो की काटा विचारात पडतो, तरी तिच्या लेखी मी ‘छोटू’च. लहानपणी मला वाटायचं, हिला सगळं कळतं. मोठा झाल्यावर खात्री पटली. परत आलेला ट्रे बघून ती सांगते, “आज पोट उघडलं होतं. बराच वेळ चाललं. शेवटी घाई झाली.”

“घाई कशावरून?”

“चिमटे उलटसुलट टाकलेत. निवांत माणूस असं टाकत नाही.”

मी एकदा विचारलं, “अगं, पण तो पेशंट वाचला का?”

 “आचाऱ्यासारखं आहे रे माझं,” ती म्हणाली. “ताट रिकामं परत आलं की कळतं, कुणीतरी जेवलं. कोण जेवलं, पोट भरलं का, ते कोण सांगणार?”

तर अशा या अक्काला मोठ्या डॉक्टरांनी वर बोलावलं. हे दरवर्षी पंधरा दिवस परदेशात जातात. सोबत आठ-दहा जण. दूरच्या एका गावात दुभंगलेल्या ओठाची मुलं जमवतात आणि फुकट ऑपरेशनं करतात. यंदाच्या गावात वीज येते, पण पाहुण्यासारखी: कधी येईल, किती थांबेल, काही सांगता येत नाही. तिथे आपलं यंत्र चालणार नाही. शेगडीवर ठेवायचं मोठं पातेलं असतं, स्क्रूने आवळायच्या झाकणाचं, वर दाबाचा काटा. त्यात सगळं करावं लागेल.

“जमेल, सिस्टर?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी या इस्पितळात लागले तेव्हा तेच होतं, सर.”

“मग रविवारी इस्पितळाच्या मागच्या अंगणात चाचणी. तीन गठ्ठे, प्रत्येकाच्या पोटात एक पट्टी. तिन्ही काळ्या झाल्या तर तुम्ही चला. एक जरी पांढरी राहिली, तर मला तिथल्या राजधानीतून तयार सेट मागवावे लागतील. ते थोडे मिळतात, मुलं निम्मी घ्यावी लागतील. आणि मग तुमच्या जागी मी आणखी एक भूलवाला नेईन.”

आता ही पट्टी म्हणजे काय ते सांगतो. कागदाची बोटभर चिठ्ठी. वाफ तिच्यापर्यंत पोचली, पुरेशी तापली, पुरेसा वेळ थांबली, तरच ती काळीकुळकुळीत होते. जगात चेहरा काळा पडल्यावर लोकांना आनंद होतो अशी ही एकच जागा.

अक्का घरी आली आणि तिने मला फोन केला. “छोटू, मी तिथे असेन ना, तर ऑपरेशनच्या तंबूपाशीच असेन. तळघर नाही तिथे. शेगडी बाहेर. मुलं शुद्धीवर आली की माझ्यासमोरूनच नेणार.” मग म्हणाली, “एक तरी चेहरा बघेन रे.”

पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. हे तिने सांगितलं नाही, मला माहीत होतं.

तयारी सुरू झाली आणि आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आधी पासपोर्ट. फोटोवाल्याने सांगितलं, “हसू नका.” अक्का म्हणाली, “मी कधी हसले?” मग लसी टोचून घ्यायच्या होत्या. जन्मभर सुयांचे ढीग धुणारी ही बाई सुई समोर येताच माझा दंड असा धरून बसली की टोचलं तिला आणि हात दुखला माझा. मग डोळे बांधून गठ्ठा बांधायचा सराव. तिथे दिवे गेले तर? जेवणाच्या टेबलावर चौकोनी कापड, मधे चमचे आणि उलथनी. हत्यारं घरी आणता येत नाहीत म्हणून स्वयंपाकघराची फौज. डोळ्यांवर टॉवेल. आधी जवळचं टोक, मग डावं, मग उजवं, मग लांबचं, आणि प्रत्येक टोकाला छोटा कान दुमडलेला, म्हणजे उघडणाऱ्याचा हात आतल्या वस्तूला न लागता कापड सुटेल. चाळीस सेकंद. मी डोळे उघडे ठेवून प्रयत्न केला. सहा मिनिटांनी माझ्या गठ्ठ्यातून उलथनं बाहेर डोकावत होतं.

“हे काय बांधलंस?”

“गठ्ठा.”

“हा गठ्ठा नाही, अपघात आहे.”

मी हसलो, पण तिचे हात बघताना हसू मागे राहिलं. तिचे हात बोलत नव्हते, आठवत नव्हते, फक्त जात होते, पाण्याला उतार माहीत असतो तसे.

शिवाय तिने तिथल्या भाषेतले दहा शब्द पाठ केले. पाणी. थांब. दुखतंय का? छान. ते ती रोज आमच्या दाजींवर चालवून बघायची. दाजींचं लाँड्रीचं दुकान आहे. परकी भाषा आणि आपली भाषा, दाजींना दोन्ही सारख्या. दोन्हींत ते बोलत नाहीत. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, या माणसाने अक्काला एक गोड शब्द म्हटल्याची नोंद नाही. पण रोज सकाळी तिचा युनिफॉर्म खुर्चीवर असतो, आणि त्याच्या बाहीची घडी अशी असते की तिने भाजी चिरता येईल. काही लोक पत्र लिहितात. दाजी इस्त्री करतात.

प्रवासाला गठ्ठ्यांची कापडं जास्तीची लागणार होती. दाजींनी स्वतः जाड सुती ठाण निवडलं, चौकोन कापले, कडा शिवल्या. अक्काने बजावलं, “दोनदा धुवा. खळ नाही. इस्त्री तर अजिबात नाही. कडक कापडातून वाफ जात नाही, आणि इस्त्रीने सुकवलेलं कापड वाफ बिघडवतं.”

दाजींनी मान हलवली. दाजींची मान हलली म्हणजे काय, हे तेहतीस वर्षांत कुणाला नक्की कळलेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही इस्पितळाच्या मागच्या अंगणात जमलो. सिमेंटची मोकळी जागा, कपडे वाळत घालायच्या तारा, कोपऱ्यात मोडक्या चाकाच्या खाटा. अक्का, मोठे डॉक्टर, मी, आणि बगलेत पिशवी घेतलेले दाजी. शेगडी पेटली. अक्काने आपल्या खात्यातल्या जुन्या मऊ कापडांत दोन गठ्ठे बांधले. तिसऱ्यासाठी दाजींनी पिशवी पुढे केली. नवी कापडं. पांढरीशुभ्र, आरशासारखी सपाट, कडेला कडा जुळलेली. अक्काने वरचं कापड उचललं. तिची बोटं क्षणभर त्यावर थांबली. तिने दाजींकडे पाहिलं. दाजी एखाद्या पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसे उभे होते. मग तिने कापड पसरलं आणि गठ्ठा बांधला.

झाकण आवळलं. आधी आतली हवा बाहेर हाकलायची, फुसफुस संपून वाफेची सरळ धार लागेपर्यंत. मग झडप बंद, काटा वर. काटा लाल रेषेवर आला आणि अक्काने घड्याळ पाहिलं. पुढचा अर्धा तास ती काट्याकडे बघत उभी राहिली. आच एकदा नखभर कमी केली, एकदा केसभर वाढवली. मी मागे सरकून बाकड्यावर बसलो. माझी बहीण एका पातेल्यापुढे उभी होती आणि मला देवळात आल्यासारखं वाटत होतं. मोठे डॉक्टरही हळू आवाजात बोलू लागले, आणि तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गठ्ठे सुकले, निवले. पहिला उघडला, पट्टी काळी. दुसरा, काळी. तिसरा अक्काने स्वतः उघडला. चारही टोकं सुटली. पट्टी कडेला काळी आणि मधे, तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरट.

डॉक्टर दुसऱ्या बाजूला होते, त्यांना ती दिसत नव्हती. मला दिसत होती. मनात आलं, अक्का, एक दाणाच आहे. अंगठा ठेव. खरं सांगतो, मी तिच्या जागी असतो तर ठेवला असता.

“नापास, सर,” अक्का म्हणाली आणि पट्टी त्यांच्यापुढे धरली.

 मग दाजी एक पाऊल पुढे आले. “इस्त्री मी केली,” ते म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. “हलकीशी खळही दिली. इस्त्रीशिवाय कापड दुकानाबाहेर पाठवलं नाही मी कधी. आणि हे तर हिच्यासाठी.”

दाजींच्या तोंडून इतकी वाक्यं ओळीने मी याआधी ऐकली नव्हती. त्यांचा चेहरा धुतल्या कापडासारखा पांढरा झाला होता.

“त्यांचा दोष नाही, सर,” अक्का म्हणाली. “माझ्या हाताला कळलं होतं. हात लावला तेव्हाच. एकतीस वर्षांत हाताला कळलेलं मी कधी सोडलं नाही. आज सोडलं, कारण यांच्या तोंडाकडे पाहिलं.”

“तिथे दुसरी संधी नसते, सिस्टर.”

“म्हणून तर सांगतेय. तिथे हा गठ्ठा टेबलावर गेला नसता, पट्टी बघून मी परतच फिरवला असता. पण तुमचा दीड तास गेला असता, आणि रांगेतलं शेवटचं मूल तसंच घरी गेलं असतं. तुम्ही दुसरं कुणी न्या. फक्त जो जाईल त्याला बजावा, कापड प्रेमाने दिलेलं असलं तरी हाताने तपासायचं.”

डॉक्टरांनी पट्टी खिशात टाकली. बराच वेळ ते त्या पातेल्याकडे बघत राहिले.

“उद्या सकाळी सात वाजता,” ते म्हणाले. “परत तीन. कापडं कुठली घेणार?”

“हीच,” अक्का म्हणाली. “नवीच. तिन्ही. यांनी शिवलेली.”

त्या दुपारी मी दाजींच्या दुकानात होतो. त्यांनी कापडं गरम पाण्यात चार वेळा खळबळली, खळ पुरती काढली, आणि मागच्या तारेवर वाळत घातली. मग स्टूल घेऊन समोर बसले. कापडं वाळू लागली तशी चुरगळली, आक्रसली, त्यांच्यावर म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या आठ्या उमटल्या. आत इस्त्री तयार होती. दाजींचा उजवा हात दोनदा उठला. दोनदा त्यांनी तो डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

“दाजी, इस्त्रीची वायर काढून ठेवू का?”

“ठेव,” दाजी म्हणाले. “आणि तुझ्याच खिशात ठेव.”

सोमवारी सकाळी तीन चुरगळलेले गठ्ठे पातेल्यात गेले. यावेळी अक्काने प्रत्येक कापडावरून तळहात फिरवला, डोळे मिटून, आणि दाजींच्या तोंडाकडे बघितलं नाही. दाजी अंगणाच्या फाटकाबाहेर पाठ करून उभे होते.

काळी. काळी. आणि तिसरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काजळासारखी काळी.

मी फाटकाकडे धावलो. माझ्यासारख्याचं धावणं बघून दाजींना निकाल आधीच कळला असावा. त्यांनी फक्त विचारलं, “कितीला निघायचंय?” आणि युनिफॉर्म इस्त्री करायला दुकानाकडे चालू लागले.

विमानतळावर तपासणीवाल्याने पातेलं उघडायला लावलं. अक्काने त्यात स्वतःचे चार कपडे आणि गठ्ठ्यांची चाळीस कापडं भरली होती. स्वतःची सगळी हौस कापडांच्या वजनात गेली होती.

“ही इतकी चुरगळलेली कापडं कशाला, मॅडम?”

“आमच्या यांची आहेत,” अक्का म्हणाली. “फार जपून चुरगळलीत.”

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज तुटत होता. दाजींनी फोन माझ्या हातात दिला, पण कान माझ्या कानाला चिकटवला.

“पाहिलास, अक्का? एक तरी?”

“एकवीस पाहिले,” ती म्हणाली. “आज एक जण, तीन वर्षांचा. त्याला बाहेर आणलं. त्याच्या आईने पाहिलं आणि ती मागे-पुढे बघायला लागली. तिला वाटलं, दुसऱ्याचं मूल आणलं. मग त्याने तिला हाक मारली. ओठ जुळून पहिलीच हाक रे. मी हातातली पट्टी धरून तशीच उभी.”

पुढे काही ऐकू येईना. मला वाटलं, रेंज गेली. रेंज गेली नव्हती.

“दाजींना दे,” शेवटी ती म्हणाली.

दाजींनी फोन घेतला. अक्का काय बोलली कळलं नाही. दाजी ऐकत राहिले, मग घसा साफ केला.

“कापडं पुरतात ना?” त्यांनी विचारलं.

पलीकडून अक्काचा आवाज मलाही ऐकू आला, “पुरतात. आता ठेवते हं. काटा लाल रेषेवर आलाय.”