डावा हात

शीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गेटवर उभी राहून उशिरा येणाऱ्या पोरांना झापत होते. फोन तिच्या मुलाचा होता, नीलेशचा. "मौसी, मम्मी नहीं रही," एवढंच म्हणाला. मराठी त्याला सगळी समजते, पण तोंडात हिंदीच येते. एरवी मी त्यावरून त्याची टर उडवते. त्या सकाळी मीही त्याच्याशी हिंदीतच बोलले. काय बोलले ते आठवत नाही... गेटवर मान खाली घालून उभी असलेली पोरं मात्र आठवतात. आदल्याच दिवशी तिने सातवीचा शेवटचा तास घेतला होता, आणि पर्स खांद्याला अडकवता अडकवता मला म्हणाली होती, "पुष्पे, उद्या लवकर येजो. ते टाइमटेबल करून टाकू." सकाळी घरातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. मला पहिल्यांदा रडू नाही आलं, रागच आला. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

आमची ओळख बी.एड.ची. छत्तीसगड नवं राज्य झालं होतं आणि आमचं रायपूर एकदम राजधानी. जुन्या बंगल्यांवर नवे बोर्ड चढत होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता भरती निघणार. माझे बाबा सरकारी कचेरीत होते. मुलगी मास्तरीण झाली की मिळवली, हा त्यांचा पक्का विचार, बी.एस्सी.चा निकाल लागला तसं त्यांनी मला बी.एड.ला ढकललं. शाळेत गणित शिकवायचं तर नुसती पदवी चालत नाही. पदवीला गणित हवं, त्यावर बी.एड. हवं, आणि बी.एड.मध्ये वर्षभर शाळाशाळांत जाऊन सरावपाठ घेतल्यावर शेवटी बाहेरगावच्या परीक्षकासमोर एक अंतिम पाठ द्यावा लागतो. लेखी पेपर कितीही झकास गेले असोत, तो पाठ पडला की तुम्ही पडलात.

शीलाताई तो पाठ एकदा पडली होती. ती गुढियारीची, वडील रेल्वेत, घर मालधक्क्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. माझ्याहून बरीच मोठी, लग्न झालेली, नीलेश तेव्हा पहिलीत होता. घराजवळच्या एका खासगी शाळेत ती कित्येक वर्षं गणित शिकवत होती, बी.एड. नसतानाच. तेव्हा कोणी विचारत नसे. नवं राज्य झालं, तपासण्या सुरू झाल्या, आणि शाळेच्या संचालकांनी तिला गोड शब्दांत सांगितलं की बी.एड. करून या, नाहीतर पुढच्या सत्रापासून त्रास घेऊ नका. ती आली, पेपर चांगले दिले, आणि अंतिम पाठात एका मुलाला प्रश्न विचारून बसली. त्याला उत्तर येईना. दुसऱ्या कोणाला विचारून पुढे जायचं तर ही त्याच्याच बाकाशी उभी राहिली, घंटा होईपर्यंत. त्या मुलाला शेवटी उत्तर आलं, पण हिचा अर्धा पाठ व्हायचाच होता. परीक्षकांनी नापास केलं. वर्षानुवर्षं शिकवणारी बाई शिकवण्याच्या परीक्षेत नापास... कॉलेजात हा विनोद वर्षभर चालला आणि मला तो एकदाही विनोदी वाटला नाही.

तो एक पाठ पुन्हा द्यायला ती आमच्या तुकडीत आली. कॉलेजने तिला स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची संधी. मी एकदा तिला धीर द्यायला गेले, "नाहीच झालं तर दुसरं काही बघता येईल, ताई." तेव्हा माझी अक्कल तेवढीच होती. ती डबा उघडत होती. झाकण हातातच राहिलं. "दुसरं काय पाहू वं? मले दुसरं काही येतच नाही," ती म्हणाली. "वर्गात उभी राहिली का माह्या जिवात जीव येते. ते दार बंद झालं तं मी घरी बसून काय करू, सांग." मग तिने अर्धी भाकर मला दिली आणि विषय संपवला. ती घाबरलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होते की घाबरणारी फक्त मीच.

आता बी.एड. केलेल्या माणसाला जे सांगायला नको, ते इतरांना सांगते. अंतिम पाठाआधी वर्गाशी एक करार होतो. ज्यांना उत्तर येतं त्यांनी उजवा हात वर करायचा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. परीक्षकाला सगळा वर्ग हात वर करून बसलेला दिसतो, आणि शिकवणारा फक्त उजव्या हातांना उठवतो. तेलीबांध्याच्या ज्या शाळेत आमचे पाठ होते तिथली पोरं दरवर्षीच्या सरावाने इतकी तयार झाली होती की मी सांगायला गेले तर तीच म्हणाली, "मालूम है दीदी. डेरी-जेवनी." डेरी म्हणजे डावा, जेवनी म्हणजे उजवा. शीलाताईच्या वर्गाशी हा करार मी केला. तिला मागाहून सांगितलं. मला त्याची तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. ती पास व्हायला हवी होती, बस. ती ऐकून घेत राहिली. "हव," म्हणाली, "चांगलं केलं." मला वाटलं, चला, सुटलो.

पाठाच्या दिवशी ऊन सकाळपासूनच तापलं होतं. आमच्यातल्या एकाने मागे बसून पाठाचं निरीक्षण लिहायचं असा नियम. मी मुद्दाम ते काम मागून घेतलं. माझ्या शेजारी परीक्षक, उंच, चष्मा नाकावर उतरलेला, मांडीवर फाईल. सातवीचा वर्ग, पाठ ऋण संख्यांचा. शीलाताईने फळ्यावर तलावाचं मोठं चित्र टांगलं. पाण्याच्या रेषेवर शून्य, रेषेच्या वर पायऱ्या, पाण्याखालीही पायऱ्या. त्या पोरांचं अर्धं बालपण तलावाच्या पचरीवर, म्हणजे पायऱ्यांवर गेलेलं. त्यांना ते चित्र लगेच पटलं. प्रस्तावना छान झाली. तिने प्रश्न विचारला, हात वर झाले, तिने एका उजव्या हाताला उठवलं, उत्तर बरोबर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उजवा हात, पुन्हा बरोबर. परीक्षकांचं पेन चालू होतं आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग तिने विचारलं की पाण्याच्या खाली दोन पायऱ्यांवर उभे आहात, आणखी तीन उतरलात, तर कुठे असाल? सगळे हात वर. तिची नजर वर्गभर फिरली आणि तिसऱ्या बाकावर थांबली. तिथे दुलारी नावाची मुलगी बसली होती. तिचा डावा हात वर होता. मी मनात म्हटलं, नको, ताई, नको...

"दुलारी, तुम बताओ."

दुलारी उभी राहिली. तिचा चेहरा गोंधळला. तिने आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "बहिनजी, मोर तो डेरी हाथ हे."

वर्गातले सगळे हात झपकन खाली आले. माझ्या शेजारचं पेन थांबलं. परीक्षकांनी मान वर केली आणि चष्मा नाकावरून वर सरकवला. मी माझ्या वहीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठेही बघायची सोय नव्हती.

शीलाताई मात्र हलली नाही. "हव, देख डारेंव," ती दुलारीला तिच्याच बोलीत म्हणाली. "तेखरे सेती तोला पूछत हंव." म्हणजे, हो, मी पाहिलं, म्हणूनच तुला विचारतेय. मग तिला हाताला धरून चित्रापाशी नेलं आणि तिचं बोट पाण्याखालच्या दुसऱ्या पायरीवर ठेवलं. "अब उतर." बोट एक पायरी उतरलं. थांबलं. पुन्हा वर आलं. पहिल्या पाठाच्या वेळी हेच झालं होतं आणि आता ते माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा होत होतं. बाहेर शिपाई घंटेजवळ जाऊन उभा राहिला होता, मला खिडकीतून दिसत होता. दुलारीचं बोट पुन्हा उतरलं, एक, दोन, तीन... "पाँच," ती म्हणाली. मग स्वतःच थांबून, "नइ, पानी के नीचे हे. ऋण पाँच." शीलाताईने तिला शाबासकी दिली नाही. तिने दुसऱ्या एका मुलीला बोलावलं, हिनेही डावाच हात वर केला होता, आणि दुलारीलाच सांगितलं, "इसको समझा." पाठाची उजळणी म्हणून जे करायचं असतं ते त्या दोघींनी केलं. गृहपाठाचं शेवटचं वाक्य फळ्यावर अर्धं असताना घंटा झाली.

परीक्षकांनी मुलांना बाहेर सोडलं आणि तिला थांबवून घेतलं. मी दाराबाहेर उभी राहिले. मला तिथून हटवायला चार माणसं लागली असती. "बच्चों को यह हाथ वाली बात किसने सिखाई?" त्यांनी विचारलं. मी आत जायला पाऊल उचललं. शीलाताईने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच जागेवर ठेवलं. "सिखाई किसी ने भी हो, सर, फ़ायदा तो मैंने लिया," ती म्हणाली. "पिछली बार मुझे पता नहीं था कि किसको नहीं आता. इस बार बच्चों ने खुद बता दिया."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हम भी अपने ज़माने में यही करवाते थे... पर पूछते दाएँ वालों से थे." फाईल बंद केली आणि निघून गेले. पास की नापास, काही नाही. त्यानंतरचे आठवडे तिने कसे काढले ते तिलाच माहीत. मी तिच्या घरी जायचे; बुद्धाच्या तसबिरीखाली बसून ती नीलेशला पाढे म्हणायला लावायची आणि निकालाचं नावही काढायची नाही. मीच बोटं मोडत बसायचे. शेवटी निकाल लागला तेव्हा बोर्डाजवळ ही गर्दी. तिने माझा दंड घट्ट धरला होता. "तूच वाच वं. मले दिसून नाही राहिलं," म्हणाली. अंतिम पाठात पास होण्यापुरते गुण होते, त्याहून फारसे जास्त नव्हते. मी मोठ्याने नाव वाचलं तशी ती तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढे भरती निघाली आणि तिला अभनपूरच्या रस्त्यावरची सरकारी शाळा मिळाली. काही वर्षांनी मीही बदलून तिथेच आले. आम्ही परीक्षकाला फसवायला केलेला तो करार तिने आपल्या वर्गाचा नियमच करून टाकला होता. येतं त्यांनी उजवा, नाही येत त्यांनी डावा, पण हात प्रत्येकाने वर करायचाच, आणि पहिला नंबर डाव्या हातांचा. तपासणीला येणारे साहेब बुचकळ्यात पडायचे. स्टाफरूममध्ये आम्ही तिला चिडवायचो, ती मला चिडवायची. "तू उजव्यावाल्याईची मास्तरीण," म्हणायची, "तुले घाई असते ना." मला घाई असते, हे खरं आहे. मला कोर्स पुरा करायचा असतो, मला बरोबर उत्तर ऐकायला आवडतं. तिला ते फार आवडत नसे. बरोबर उत्तर आलं की ती दुसरीकडे बघू लागायची. शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली तेव्हा पाऱ्यातल्या नव्या पोट्ट्या गणित विचारायला तिच्या स्वयंपाकघरात बसायच्या, आणि पोळ्या लाटायला मदत करता करता पिठाचे डावे हात वर करायच्या. त्यातल्या कितीतरी आज शिकवताहेत. तिला निरोप द्यायला त्या आल्या होत्या, मागे भिंतीशी उभ्या होत्या.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, सुट्ट्या संपल्या, आणि मुख्याध्यापकांनी तिची सातवी मला दिली. मी नको म्हणाले, ते म्हणाले दुसरं कोण आहे. मी वर्गावर गेले. वर्गातल्या कपाटाशेजारी तिचं तलावाचं चित्र टांगलेलं होतं, कडेला चिकटपट्ट्या लावून लावून जाड झालेलं. पोरं उभी राहिली, बसली, माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याबद्दल काही बोलले नाही; बोलले असते तर तास तिथेच संपला असता. धडा उघडला आणि एक सोपा प्रश्न विचारला. सगळ्यांचे हात वर झाले, उजवे आणि डावे. मी सवयीने पुढच्या बाकावरच्या उजव्या हाताला उठवलं.

तो मुलगा उठला, पण उत्तर देईना. मागे वळून बघायला लागला. खिडकीजवळ एक मुलगी डावा हात सरळ वर धरून बसली होती. दुखायला लागला असावा, दुसऱ्या हाताने तिने कोपराला आधार दिला होता. मला उद्धटपणा वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "मैडम, पहले डेरी वाले."

मी त्या मुलाला खाली बसवलं. खडू उचलला, भिंतीवरचं चित्र काढून हातात घेतलं आणि तिच्या बाकाशी गेले. "हाथ नीचे कर," मी म्हणाले. "अब बता, कहाँ अटकी?"