त्या ढोलाची वेळ

आधीच सांगते, ह्या ग्रुपवरचे बहुतेक किस्से मला फालतू वाटतात. पैंजणाचा आवाज, उलटे पाय, लिफ्ट मागणारी बाई... आम्ही नळदुर्गला हायवेलाच राहतो हो, लिफ्ट मागणाऱ्या बाईला उमरग्याला जायचं असतं, बास. तरी आज टाइप करायलेय, कारण विषय माझ्या आप्पांच्या हाताचा आहे.

आप्पा संबळ, हलगी मढवतात. तुळजापूरचे गोंधळी दुसऱ्या कुणाकडं जात नाहीत — म्हणजे जात नव्हते.

गावाबाहेर एका रिटायर्ड सरांचं खासगी म्युझियम आहे. म्युझियम म्हणजे पत्र्याचा हॉल, अडकित्ते, कंदील, गंजक्या तलवारी अन् प्रत्येक वस्तूशेजारी सरांचा स्वतःचा फोटो. त्यांचा मेहुणा जहाजावर होता, त्यानं पॉलिनेशियातनं एक ढोल आणलेला. पॅसिफिक समुद्रातली बेटं ती, तिथं देवाच्या विधीला वाजवायचे. कमरेएवढा उंच, एकाच खोडातनं कोरलेला, वर शार्कचं कातडं, बाजूनं काथ्याच्या दोऱ्या. सरांनी पाटी काय लावली? ‘आफ्रिकन ढोल’! मी गूगल दाखवलं तर म्हणे, "लोकांना आफ्रिका कळतं."

हॉलच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातनं तो वाजवायचा होता, अन् कातडं सैल. आप्पांना बोलावलं.

"शेका की हलगीसारखा," सर म्हणाले.

"न्हाय सर. हे पाण्यातलं कातडं हाय, जाळाला धरलं तर जाईल."

आप्पांनी दिवसभर बसून एकेक दोरी ताणली. शेवटी बोट मारलं — टणण्! मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरांचा फोन. "या, बघा तुमचं काम. लोळागोळा झालाय!" गेलो. कातडं ढिलं... अन् ओलं. एप्रिलात, आमच्याकडं! घागरीत पाणी नाही अन् ढोलाला घाम. मी बोट लावून चाखलं (हो, घाण आहे, माहितीये). खारट. आप्पा नुसते बघत बसले, दोरीला हातसुद्धा लावला नाही, अन् दीड तासात आपोआप ताठ. टणण्.

हॉलचे वॉचमनमामा म्हणाले, "संध्याकाळीबी असंच व्हायलंय." मग मी ओला व्हायची वेळ वहीत टिपायलाच लागले. पहिल्या दिवशी सात. मग सात पन्नास. मग आठ चाळीस. मग साडेनऊ... रोज पन्नासेक मिनिटं पुढं. शाळेतला भूगोल आठवा. समुद्राची भरती रोज एवढीच उशिरा येते! आप्पांनी तर समुद्र आयुष्यात बघितलेला नाही.

उद्घाटन सहाव्या दिवशी, साडेअकराला. मी सरांना सांगितलं, "सर, एक वाजता घ्या ना. साडेअकराला तो ओला असणार."

"ढोल आहे का एसटी? टाइमटेबल सांगायलीस मला!" आजूबाजूचे सगळे खी खी खी.

साडेअकराला पाहुण्यांनी मोठ्या ऐटीत थाप मारली. भद्द. ओल्या पोत्यावर मारल्यागत. परत मारली. भद्द. सरांनी माइकवरच सांगून टाकलं, "आमच्या कारागिराचा हात गेला आता, वय झालं. चला, जेवून घ्या."

आप्पा मागच्या खुर्चीत, मान खाली. जेवले नाहीत. मीपण नाही.

एक वाजता हॉलमध्ये आम्ही दोघं, अन् खुर्च्या रचणारे वॉचमनमामा.

"आप्पा, उठा. आता मारा."

"कशाला आता?"

"मारा म्हणते ना!"

त्यांनी आधी ढोलाला हात लावून कपाळाला लावला, मग एकच थाप. वरचा पत्रा थरथरला. मामांच्या हातातनं खुर्ची सुटली. पलीकडं मंडपात सर श्रीखंडाचा आग्रह करत होते, त्यांनी ऐकलंच असणार. एकजण उठून आला नाही. श्रीखंड महत्त्वाचं ना...

आता दोन गोंधळ्यांनी संबळ मढवायला दुसरीकडं दिलंय. आप्पा नुसते स्वतःचे हात बघत बसतात.

रत्नागिरीच्या भरतीच्या वेळा लावून बघितल्या, जुळल्या नाहीत. ढोल नेमका कुठल्या बेटावरचा, ते सरांना माहीत नाही, नाहीतर तिथल्या वेळा लावून बघितल्या असत्या. पाटी अजून आफ्रिकाच. कमेंटमध्ये "दव असेल" लिहिणाऱ्यांनी एप्रिलात नळदुर्गला येऊन दव शोधून दाखवावं. भूत म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. फक्त एवढं करा — कुणी म्हणालं की त्या म्हाताऱ्याचा हात गेलाय, तर त्याला एकच विचारा: वाजवला किती वाजता होता?