थोरल्या जावेची येळवस

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर ओस पडतं. ज्याचं वावर आहे तो वावरात जेवायला जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी बोलावतं. आम्ही बोलावल्या जाणाऱ्यांत जमा होऊन काही वर्षं झाली आणि ते मला अजून सोसत नाही. बोलावते कोण, तर माझी थोरली जाऊ, आक्का.

निलंग्याकडे, मांजरा नदीच्या काठी सासऱ्यांचं वावर होतं. वाटणीत आम्हाला सडकेकडचा तुकडा आला आणि आक्कांना नदीकडचा, वनखात्याच्या राखीव जंगलाला खेटून. तेव्हा सगळ्यांनी आक्कांची कीव केली, मीसुद्धा. त्या जंगलातले मोर हरभरा टिपायचे, रानडुकरं ज्वारी लोळवायची. आम्ही आमचा तुकडा प्लॉटिंगवाल्याला देऊन लातुरात फ्लॅट घेतला, तेव्हा पेढे आधी आक्कांच्याच घरी नेले होते मी. मुद्दाम.

आता येळवशीच्या पूजेला उभारलेल्या त्यांच्या कोपीत बसलं की घास तोंडात फिरतो. कडब्याची कोप त्यांची, आत पुजलेले, चुना आणि काव लावलेले दगडाचे पाच पांडव त्यांचे, भज्जीच्या मिसळ भाजीतले ओले दाणेही त्यांच्याच वावरातले. वर जंगलातून मोर ओरडतो, तोही त्यांनीच पाळल्यासारखा. आमच्या तुकड्यात काय उभं आहे, तर सिमेंटचे खांब आणि ‘नदीकिनारी आपलं घर’ अशी पाटी. नदी तिथून दिसतच नाही, कारण मध्ये जंगल आहे आणि त्यातून रस्ता काढायला मनाई आहे.

“पोटात दुखत असेल तर ओवा खा,” नवरा म्हणतो. त्याला काय, तो दोन वाट्या आंबील पिऊन बाभळीखाली घोरतो.

यंदा येळवशीच्या आधी तोच प्लॉटिंगवाला घरी आला. जंगलातून नाही तर जंगलाच्या कडेनं, आक्कांच्या बांधावरून त्याला नदीपर्यंत वाट हवी होती. काठावर हॉटेल काढायचं होतं.

“वहिनी, आक्का तुमचं ऐकतेत. एकबार बोलून बघा.”

खरं सांगते, मला गोड वाटलं. वाट गेली की गाड्या येणार, दिवे लागणार, मोर पळणार. मग आक्का आणि मी सारख्याच.

येळवशीला जेवणं झाली, पोरं पिकावर आंबील शिंपडून आली, पुरुष आडवे झाले. आम्ही दोघी बांधावर जाऊन बसलो. मी विषय काढणार तोच आक्कांनी काढला.

“ते प्लॉटिंगवालं माझ्याकडं बी येऊन गेलं. लेक म्हणतोय, दिऊन टाक. तुझे भाऊजी असते तर त्यांनी बघितलं असतं. मला काय बी कळंना झालंय. तू शिकलेली हाईस, तू म्हणशील तसं करते.”

जिच्यावर इतकी वर्षं जळले, तिचं वावर आयतं माझ्या हातात आलं होतं. समोरून, जंगलाच्या कुंपणाच्या कडेकडेनं, चार-पाच लांडोरी पाण्याला चालल्या होत्या. वाट नेमकी तिथूनच जाणार होती. मी तोंड उघडलं आणि एकदम मनात आलं, हे गेलं तर पुढच्या येळवशीला मी बसू कुठं?

“न्हाई म्हणा, आक्का,” मी म्हटलं. “अजिबात देऊ नका.”

त्यांचे डोळे भरून आले. “सख्खी भईन बी असं सांगायची न्हाई,” म्हणाल्या, आणि निघताना आंबिलीचा भरलेला डबा माझ्या मांडीवर ठेवला.

परतताना गाडीत नवऱ्याला सगळं सांगितलं.

“चला, मग आता तरी पोटदुखी थांबली असेल,” तो म्हणाला.

नदी त्यांची, मोर त्यांचे, वावर त्यांचं, ते सगळं त्यांच्याकडेच राहणार होतं. आणि ते राखून दिलं कुणी, तर मी. आमच्या विकलेल्या तुकड्यातल्या पाटीपाशी आल्यावर मी डब्याचं झाकण घट्ट केलं आणि दुसरीकडे बघितलं.